परक्याच्या गोदीतले सामर्थ्य

शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविणे हे कोणत्याही नौदलापुढील अत्यंत बिकट कार्य. बंदर हाती नसताना सैनिक, रणगाडे आणि रसद एकाच वेळी पोहोचवावी लागते. फ्रान्सची ‘मिस्त्राल’ वर्गातील जहाजे याच कार्यासाठी घडविली गेली. सुमारे २१ हजार टनांच्या अशा जहाजावर १६ हेलिकॉप्टरे आणि ४५० सैनिक सामावतात. पिछाडीच्या कक्षात पाणी भरले की रणगाडे वाहणाऱ्या नौका थेट समुद्रात उतरतात.

अशा दोन जहाजांसाठी रशियाने २०११ मध्ये सुमारे १.२ अब्ज युरोंचा करार केला. अणुपाणबुड्या बांधणाऱ्या राष्ट्राने या जहाजांसाठी फ्रान्सकडे हात पसरावा, हेच मुळी नवल! २०१४ मध्ये रशियाने क्रायमिया बळकावला आणि सारे चित्र पालटले. ‘व्लादिवोस्तोक’ सज्ज होते. प्रशिक्षणासाठी रशियन नाविकही सँ-नाझेरच्या गोदीत आले होते. तरीही फ्रान्सने जहाज दिले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये करार मोडला, पैसे परत झाले आणि २०१६ मध्ये दोन्ही जहाजे इजिप्तच्या नौदलात गेली. शेजाऱ्याची भूमी हिसकावणाऱ्यास शस्त्र नाकारणे योग्यच होते. परंतु विकत घेतलेल्या शस्त्राची किल्ली विकणाऱ्याच्या कनवटीला असते, हे सत्य त्यातून उरतेच.

भारताला हा धडा नवा नाही. २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेली ‘जलाश्व’ ही १९७१ सालची ‘ट्रेंटन’ नौका. तिच्या आक्रमक वापरावर निर्बंध असून अमेरिकेला तपासणीचा अधिकार आहे, याकडे महालेखापरीक्षकांनी २००८ मध्येच लक्ष वेधले. मे २०२० मध्ये याच नौकेने मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला सुखरूप आणले, ही सेवा मोलाची. पण संकटात देशबांधवांना आणणे वेगळे आणि युद्धात सैन्य उतरविणे वेगळे.

अशा चार नौका देशात बांधण्याची निविदा वर्षानुवर्षे रेंगाळून २०२० मध्ये रद्द झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने या वर्गाच्या नौकांना पुन्हा प्राथमिक मान्यता दिली. अंदमान-निकोबारच्या शेकडो बेटांचे रक्षण मान्यतेच्या कागदाने होत नाही. त्यासाठी स्वदेशी गोदीतून पाण्यात उतरलेले जहाज लागते. रशियाने रणांगणावर नव्हे, परक्याच्या गोदीत दोन जहाजे गमावली. भारतावर तशी वेळ येऊ द्यायची नसेल, तर आता विलंब परवडणारा नाही.