स्क्रूला हात लावू नका!

कोल्हापुरी माणूस दोन विषयांत जन्मजात तज्ज्ञ असतो. एक तांबडा रस्सा, दुसरा नेमबाजी. पहिल्यात तो खरोखरच असतो. दुसऱ्यात त्याचं भांडवल म्हणजे तेजस्विनी सावंत २०१० साली विश्वविजेती झाली आणि आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं, एवढंच. स्वप्निल तेव्हा रेल्वेत टी.सी. होता. टी.सी.ला पदक मिळतं, मग बँकेच्या कारकुनाच्या मुलीला का नको? असा सरळ हिशेब करून मी आमच्या कन्येच्या हाती एअर रायफल दिली.

या रायफलीला दुर्बीण नसते. डोळ्याजवळ एक बारीक भोक आणि नळीच्या टोकाला एक कडं. भोकातून बघायचं, कड्यात काळा ठिपका धरायचा. "दुर्बीण नाही? मग दिसणार काय, कप्पाळ?" शेजारचे काका म्हणाले. त्यांच्या पणजोबांनी दाजीपूरच्या रानात गवा लोळवला होता म्हणे. १९७२ च्या कायद्यानं शिकारी बंद केल्या, शिकारीच्या गप्पा नाही.

शंकेखोरांनी पोस्टकार्डाला टाचणीनं भोक पाडावं, चष्मा काढावा आणि भरपूर उजेडात त्यातून पेपर वाचावा. अक्षर स्पष्ट दिसतं. बारीक भोकातून येणारा प्रकाश फाकत नाही, म्हणून धूसरपणा कमी होतो. शिवाय डोळा आपण होऊन भोकाचा मध्य गाठतो. इतकं साधं, इतकं शहाणं यंत्र!

त्याला शत्रू एकच : बाप. या जमातीविरुद्ध माझी तक्रार आहे. छर्रा डावीकडे गेला की बाप ओरडतो, "साइट हलली!" आणि स्क्रू फिरवतो. पुढचा उजवीकडे जातो. पुन्हा उलटा फिरवतो. दहाव्या छर्ऱ्यापर्यंत स्क्रूच्या अंबाबाईला घालतात तेवढ्या प्रदक्षिणा होतात. मला हे ठाऊक, कारण त्या जमातीचा मी पुढारी होतो. भोकात धूळ दिसली, तर मी बँकेची टाचणी खुपसली. कड खरवडली. मग हप्त्यावर महागडी साइट आणली. गुण जिथल्या तिथे!

एक दिवस पोर म्हणाली, "बाबा, चूक माझी असते की साइटची? मला आता कळतच नाही."

मी गप्प. पोरीची चूक पोरीला वाचता यायला हवी; मी ती दर वेळी खोडत होतो.

तेव्हा बापहो, ऐका. आधी पाच छर्रे मारू द्या. पाचही एका जागी, पण डावीकडे पडले, तर साइट उजवीकडे घ्या आणि किती टिकटिक फिरवलं ते वहीत लिहा. पाच दिशांना पाच गेले, तर दोष बहुधा साइटचा नाही. कडं जरा सैलच घ्या. ठिपक्याभोवती पांढरं दिसू द्या. घट्ट कड्यात हाताची थरथर मोठी दिसते आणि पोर घोडा ओढायला कचरते. उजेड कमी असेल तर भोक थोडं मोठं करा. धूळ फुंकून घालवा. टाचणी नको, तेल नको. बसवलेले स्क्रू घट्ट आहेत का, ते सुरुवातीला बघा, मध्येच नाही. उरलेल्या पैशांचे छर्रे आणा.

आमच्या बँकेत रुपयाचा फरक आला की कुणी कॅल्क्युलेटर बदलत नाही. आपलीच नोंद शोधतात.

हल्ली मी मागच्या बाकावर, हात खिशात घालून बसतो. परवा पोरीचा एक छर्रा पार बाहेर गेला. मी अर्धा उठलो. ती मागे न बघता म्हणाली, "बसा बाबा. ही माझीच." आणि तिनं पुढचा छर्रा भरला.