गाडीतला आवाज कमी करताना

मैत्रिणींनो, घरात चारचाकी आली की सीटची कव्हरं, पायाखालच्या मॅट, पुढची गणपतीची मूर्ती अशी खरेदी बहुधा आपल्याकडेच येते. हल्ली त्यात दुकानदाराची आणखी एक शिफारस असते, "ताई, गाडी साउंडप्रूफ करूनच घ्या!" यजमान मान डोलावतात आणि मोठा आकडा घरखर्चाच्या वहीत येऊन बसतो. तेव्हा यातलं थोडं आपल्यालाही कळलेलं बरं.

ही नुसती हौस आहे असंही नाही हं. आमच्या आष्टीहून तळेगावला येऊन नागपूरचा हमरस्ता धरला, की लहान गाडीत मागे बसलेल्या सासूबाईंचं बोलणं पुढे पोचत नाही. आजारी माणसाला सेवाग्रामला नेताना "मळमळतंय, जरा थांबवा" एवढं तरी ऐकू यायला हवं ना? समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावर तर टायरची घरघर जास्तच जाणवते.

आधी आवाज ओळखा. रस्ता बदलला की आवाज बदलतो, तर तो टायरचा. वेग वाढला की शिट्टीसारखा येतो, तर तो वाऱ्याचा. रस्ता कुठलाही असो, वेगाबरोबर एकसारखी घूं-घूं वाढत असेल, तर चाकाची बेअरिंग खराब झालेली असू शकते. अशी गाडी आधी मेकॅनिकला दाखवावी. दुखणं झाकून आवाज बंद करणं धोक्याचं!

मग फुकटातले उपाय करा. टायरमधली हवा तपासावी. ती किती असावी हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावावं. पट्टी अलगद निघून आली, तर तिथलं रबरी बीडिंग सैल झालं आहे. ते बदलणं साउंडप्रूफिंगपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

एवढ्याने भागलं नाही, तर साहित्याकडे वळा. स्टीलच्या परातीवर चमचा वाजवा आणि मधोमध तळहात टेकवा. टणटणाट लगेच बसतो. सगळी परात झाकावी लागली नाही, हे लक्षात घ्या! वरून ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली बुटाइल रबराची शीट हेच काम करते. दाराच्या आतल्या पत्र्याचा पाव ते एकतृतीयांश भाग, तोही मधला, झाकला तरी पुष्कळ फरक पडतो. दोन मिलिमीटर जाडीच्या शीटचं वजन चौरस मीटरला तीन-साडेतीन किलोच्या आसपास भरतं. सगळी गाडी आतून मढवली, तर पंचवीस-तीस किलो सहज वाढतात. म्हणजे एक शाळकरी मूल कायमचं गाडीत बसवल्यासारखंच. त्याचं पेट्रोल कोण भरणार?

दुसरा प्रकार फोमचा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या-गोधड्या ठेवल्या की दबतो, तसंच फोमचं काम. तो वजनाला अगदी हलका. मात्र बंद छिद्रांचाच मागावा. साध्या स्पंजासारखा फोम पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा गंजतो. तुकडा पाण्यात बुडवून दाबून पाहिला की कोणता ते कळतं. हा फोम बुटाइलच्या वरून लावावा. पत्र्याची थरथर एकट्या फोमने थांबत नाही.

तिसरी डांबरी शीट. ती स्वस्त, पण जड. आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर गेल्यावर उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते, वास येतो, कधी सुटूनही येते. छताला आणि दारांना तर ती मुळीच नको.

आता काटकसरी मैत्रिणी म्हणतील, जुनी गोधडी किंवा थर्माकोल घातलं तर? नको गं बाई! गोधडी पावसाळ्यात ओल धरते, उंदरांना घर मिळतं आणि थर्माकोल चटकन पेट घेतो.

काम करून घेताना चार गोष्टी सांगाव्यात:

१. पत्रा स्पिरिटने पुसून कोरडा करावा आणि शीट रोलरने घट्ट दाबावी. फुगे राहता कामा नयेत.

२. दाराच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात. ती बुजली तर पावसाचं पाणी आत साचून दार गंजेल.

३. एअरबॅग आणि त्यांच्या तारांना हात लावू नये. गाडी नवी असेल, तर वॉरंटीला बाध येईल का, हे जिथून घेतली तिथे आधी विचारावं.

४. साहित्य चटकन पेट न घेणारं आहे ना, आणि एकूण वजन किती वाढेल, हे बिलावर लिहून घ्यावं.

आणि हो, सगळी गाडी एका दमात करू नका. आधी पुढची दोन दारं करून घ्या. आठवडाभर नेहमीच्या रस्त्याने फिरा, मागच्या सीटवर बसून ऐका. टायरची घरघर तेवढीच राहिली असेल, तर पुढच्या खेपेस डिकी आणि मागच्या चाकांवरचा भाग करा. तेवढ्यावर समाधान झालं, तर उरलेले पैसे पोस्टात टाका!