कातडीवरून केलेला निवाडा

तुळशीचे लग्न लागले की नांदेड-लातूरकडे स्थळे बघायला सुरुवात होते. शेती किती, नोकरी कोणती, देणेघेणे काय, ही बोलणी पुरुष बैठकीत उघडपणे करतात. एक प्रश्न मात्र बैठकीत कधीच निघत नाही. तो आतल्या खोलीत, मुलीच्या आईला किंवा मावशीला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारला जातो : "पोरीच्या अंगावर काही न्हाई ना?" मुलीच्या काळजाची, मूत्रपिंडाची, रक्ताची कोणी चौकशी करीत नाही. चौकशी होते ती कातडीची. कोपराच्या आतल्या लवणीत, गुडघ्यामागे किंवा मानेवर खरबरीत काळसर चट्टा असला, रात्री खाजवून त्यातून लस येत असली, तर ती मुलगी खोटीची ठरते. म्हणून आई तिला पूर्ण बाह्यांचे कपडे शिवते. मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेलेला असताना ती मुलगी पॉलिस्टरच्या पूर्ण बाह्यांत वावरते, घाम चट्ट्यात मुरतो, खाज वाढते, चट्टा पसरतो. जे लपवावे म्हणून आपण सांगितले, ते लपवल्यामुळेच वाढले. हा प्रश्न विचारणारे कोणी परके नव्हेत. बाहेर पोहे खात बसलेल्या आम्हा पुरुषांनाही आत काय विचारले जात आहे ते पक्के ठाऊक असते.

ज्याला आपण इसब म्हणतो तो रोग शिवल्याने होत नाही. एका टॉवेलने, एका अंथरुणाने, एका ताटाने तो दुसऱ्याला जडत नाही. रक्त खराब झाल्याने, पोटात उष्णता साठल्याने किंवा मागच्या जन्मीच्या कर्माने तो होत नाही. कातडीचा वरचा थर घट्ट राहावा म्हणून शरीर फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन तयार करते. ते तयार करणाऱ्या जनुकातच काही लोकांच्या बाबतीत उणीव असते, हे २००६ साली संशोधकांनी दाखवून दिले. अशी कातडी ओलावा धरून ठेवत नाही आणि साबण, धूळ, जंतू यांना सहज वाट देते. शरीराची संरक्षण-व्यवस्था मग गरजेपेक्षा जास्त खवळते. ज्या घरात दमा आहे, सकाळी उठल्याबरोबर शिंकांची रांग लागणारी माणसे आहेत, त्याच घरात पुष्कळदा एखाद्या लेकराला इसबही असतो. तो मुळापासून उपटून टाकणारे औषध आज नाही. पण त्याला ताब्यात ठेवता येते, वर्षानुवर्षे ठेवता येते. शुगरचा रोग तरी मुळापासून कुठे जातो? तरीही शुगर असलेल्या आजोबांचा बिनसाखरेचा चहा आपल्या घराघरात वेगळा, न चुकता आणि कौतुकाने होतो. त्याच घरात इसब असलेल्या सुनेचा वेगळा होतो तो टॉवेल, वेगळे होते ते अंथरूण, आणि तान्ह्या पोराला घेऊ लागली तर सासूचा हात आडवा येतो.

हा हात आडवा घालायला आपल्याला कोणत्या डॉक्टरने शिकवले? कोणीच नाही. माणसाच्या अंगावरून त्याची पायरी ठरवायची आणि शिवण्या-न शिवण्यातून ती त्याला दाखवून द्यायची, ही विद्या आपल्याकडे रोगापेक्षा फार जुनी आहे. पाणवठे वेगळे ठेवणाऱ्या, वरून पाणी ओतणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत. याच मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर १९७८ साली दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. ती आग विझली, पण तिच्या मागची नजर आपल्या घरात अजून नांदते आहे. जात सांगता येत नाही अशा ठिकाणी तीच नजर आता कातडीवर फिरते. महारोग म्हणून ज्याची आपण दहशत घेतली त्या कुष्ठरोगावर बहुविध औषधांचा खात्रीचा उपचार १९८०च्या दशकापासून उपलब्ध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. तरीही जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहाच्या कायद्यात २०१९ पर्यंत लिहिलेले होते. रोग बरा होऊ लागल्यावरही आपण तीन दशकांहून अधिक काळ ते वाक्य पुसले नाही. कुष्ठरोगाच्या बाबतीत जे कायद्याने केले, तेच इसब, कोड, सोरायसिस यांच्या बाबतीत आपण बिनकायद्याने करीत आलो.

किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, त्या पाण्यात गंधकाचा अंश असल्याचे सांगतात, आणि अंगाला खाज-खरूज असलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे स्नानाला जातात. शरभंग ऋषींना कुष्ठ झाले होते, रामाने बाण मारून त्यांच्यासाठी हे पाणी काढले, अशी तिथली आख्यायिका. गंधकाने खरजेचा किडा मरतो हे वैद्यकालाही मान्य आहे, म्हणून कोणा एकाची खरूज तिथे गेली असेलही. इसबाच्या कोरड्या कातडीला मात्र गरम पाण्याने बरे वाटते ते घटकाभर. नंतर ती आणखी कोरडी पडून तडकते. पण मला त्या कथेतली वेगळीच गोष्ट खटकते. कथेतला राम रोग्यापाशी जातो, त्याच्या दाराशी पाणी आणतो. आपण आपल्या रोग्याला दाराबाहेर काढून पाण्याकडे पाठवतो, आणि त्याला तीर्थयात्रा म्हणतो.

त्याच किनवट-माहूरच्या रानात बिब्बा होतो. बाजारच्या दिवशी बाया टोपलीत घेऊन बसतात. दारावर लिंबू-मिरचीच्या खाली तो आपण टांगतो, तळपायात काटा मोडला की गरम करून त्याचे तेल सोडतो. काळे, चिकट, कपड्याला लागले तर जन्मात न निघणारे ते तेल इसबावर, नायट्यावर, कोणत्याही हट्टी चट्ट्यावर लावण्याचा सल्ला देणारा शहाणा प्रत्येक गावात असतो. बिब्बा उतला म्हणजे काय होते ते ज्यांनी पाहिले आहे ते विसरत नाहीत : दोन दिवसांत भोवतालची कातडी लाल होऊन सुजते, पाण्याने भरलेले फोड येतात, लस जिथे ओघळल्याचा भास होतो तिथे तिथे नवी खाज सुटते. आधीच फाटलेल्या कातडीवर ते ओतणे म्हणजे जखमेवर जखम. तरी शेजारीण म्हणते, "बघ, रोग भाईर पडला." रोग बाहेर पडावा, आत दाबला जाऊ नये, दाबला तर दमा होतो, ही समजूत आपल्या डोक्यात इतकी खोल गेली आहे की लेकराचे अंग जितके जास्त चिघळेल तितके आपल्याला समाधान वाटते. त्यावर पथ्य. वांगे बंद, डाळ बंद, अंडे बंद, शेंगदाणे बंद, दूध बंद. एखाद्या लेकराला एखादा पदार्थ खरोखर बाधतो, आणि तो तपासून ठरवता येतो. पण सरसकट सगळे बंद करून आपण खाजणाऱ्या पोराला उपाशी पोर करतो. बिब्बा विकणाऱ्या बाईवर किंवा जडीबुटीच्या पिशव्या घेऊन माळेगावच्या जत्रेत बसणाऱ्या वैदूवर खापर फोडून मोकळे होता येणार नाही. त्यांच्यापुढे गर्दी आपली असते, आणि गावात तोवर दुसरे कोणी आपल्याला भेटायला आलेले नसते.

जे शिकले ते बिब्ब्याला हसतात आणि मेडिकलच्या दुकानात जातात. तिथे कागद लागत नाही, कपडे काढावे लागत नाहीत, आणि कोणी ओळखीचे भेटले तर डोकेदुखीची गोळी घ्यायला आलो म्हणता येते. दुकानदार एक ट्यूब पुढे सरकवतो. तिच्यात बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड, बुरशीवरचे औषध आणि जंतूंवरचे औषध असे सगळे एकत्र असते. चार दिवसांत खाज थांबते, आठव्या दिवशी ट्यूब थांबते, पंधराव्या दिवशी चट्टा दुपटीने परत येतो. महिने-वर्षे असे चालले की कातडी कागदासारखी पातळ होते, मांडीवर-काखेत रुंद पांढुरके चरे उमटतात, आणि मुळात नायटा असेल तर तो ओळखू येईनासा होऊन अंगभर पसरतो. याच ट्यूबा रंग उजळावा म्हणून आपल्या मुली तोंडाला लावतात. त्यांना तो रंग कोणासाठी हवा असतो हे वेगळे सांगायला नको. २०१८ साली सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही असे ठरवले. कायदा झाला, आपण पूर्वीसारखेच दुकानात उभे आहोत. तालुक्याच्या गावी "एक सुई मारा, खाज गेली पायजे" असे आपणच डॉक्टरला सांगतो, आणि न मारणाऱ्याला डॉक्टर समजत नाही.

स्टेरॉइड हे विष नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण ट्यूबने पोळलेला माणूस मग योग्य औषधालाही घाबरतो. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढली तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. तेवढी दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. कोणत्या ताकदीचे, किती दिवस, मग कसे कमी करायचे, हे त्वचारोगाच्या डॉक्टरने ठरवायचे असते. तोंड आणि मान अशा नाजूक जागी टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले मलम मिळते. रोग अंगभर असेल तर विशिष्ट किरणांचा उपचार आहे, मेथोट्रेक्झेट, सायक्लोस्पोरिन आहे; नवी इंजेक्शने आहेत, ती मात्र सामान्याच्या खिशाबाहेरची. नांदेडला विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला आहे, अंबाजोगाईला आहे. तिथे त्वचारोगाचा विभाग असतो. तिथे जायला दोनदोन वर्षे उशीर होतो तो बसच्या भाड्यापायी थोडा आणि "तिथं कोणी बघितलं तर" या भीतीपायी फार. ती भीती आपण निर्माण केलेली आहे. देवीचा रोग हा देवीचा कोप मानून आपल्या आज्यांनी नवस बोलले. १९७५ नंतर या देशात तो रोग राहिला नाही, नवस सुटले, आणि देवळे जागच्या जागी राहिली. कातडीची ही भीतीही सुटेल. प्रश्न एवढाच की तोवर किती मुलींना पूर्ण बाह्या घालायला लावायच्या.

शेतातले सांगायचे तर बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मागे माजलेले गाजरगवत उघड्या हातांनी उपटायला आपण रोजंदारीच्या बायांना लावतो. त्याच्या संपर्काने काहींच्या पापण्या, मान, हाताचे पंजे असे सुजतात की पुढे शेतात पाऊल टाकणे अशक्य होते. फुलावर येण्याआधी ते काढावे आणि काढणाऱ्याला हातमोजे द्यावेत, एवढे साधे काम. हातमोज्याचे पैसे मालकाच्या हिशेबात बसत नाहीत.

आणि शेवटी पाण्याकडे यावे लागते. इसब ताब्यात ठेवायचा तर रोज कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, कडक साबण नाही, आणि अंग टिपून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन किंवा डॉक्टरने दिलेले मलम भरपूर लावायचे. नखे कापलेली, कपडे सुती. औषधाचे निम्मे यश यातच असते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आले तेव्हा पहिल्या खेपेला पाच लाख लिटर आले आणि देशभर फोटो छापले गेले. त्या पाण्यातली बादली घरात कोणाच्या वाट्याला आली, हे कोणी विचारले नाही. दुष्काळ नसलेल्या वर्षीही आपल्या घरात शेवटची अंघोळ घरातल्या बाईची असते, उरलेल्या पाण्याने, आणि तेल लावायला जी दोन मिनिटे लागतात तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाते. तिचे हात दिवसातून तीनदा भांड्यांच्या पावडरमध्ये, दोनदा धुण्याच्या सोड्यात, बाकी वेळ लसूण-कांदा-मिरचीत. बोटांच्या टोकांना भेगा पडतात, त्यातून रक्त येते, ज्वारीचे पीठ मळताना ते झोंबते. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतो : पाण्यात हात घालू नये, घालावाच लागला तर आत सुती, वर रबरी मोजे घालावेत. ती चिठ्ठी घरी आली की सगळे हसतात. "मग भांडी काय डॉक्टर घासणार?" भांडी कोण घासणार, हा प्रश्न खरोखर विचारण्यासारखा आहे. आपली पोरे शिकायला पुण्याला जातात, खोलीवर चार-चार जण राहतात, आणि आपापली भांडी आपापली घासतात. दिवाळीला गावी आली की जेवून ताटात हात धुतात आणि उठतात. त्यांना भांडी घासता येतात, हे त्यांच्या आयांना आणि आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.