जर्मनीचा कांदा परभणीत पोसत नाही

जगात जर्मनी, भारतात परभणी. आमच्याकडे हे वाक्य पोराला बारशातच ऐकवत असावेत. कुणी म्हटलं, का म्हटलं, याच्यावर टपरीवर तासभर वाद होतो आणि चहाचे पैसे द्यायची वेळ आली की मिटतो. पण कांद्याच्या बाबतीत जर्मनी आणि परभणीचं अजिबात जमत नाही. हे ठामपणे सांगायचं कारण म्हणजे सध्या ऑफिसातल्या निम्म्या जनतेला बाल्कनीत शेती करायचा झटका आलाय.

झटका चांगलाच आहे. फक्त बी कुठलं घेताय ते बघा राव. ऑनलाईन चकचकीत पाकिटं मिळतात. वर नारळाएवढ्या कांद्याचा फोटो, खाली काहीतरी परदेशी नाव, आत मोजून पन्नास बिया. आमच्या टीममधल्या एकानं असलंच एक मागवलं. रोपं झकास आली, पात गुडघ्याला लागली, आणि मे उजाडला तरी खाली गड्डा म्हणून नाही. त्यानं खत बदललं, कुंडी बदलली, कुंडीची दिशासुद्धा बदलली. (वास्तुशास्त्रवाल्याला बोलवायचं तेवढं राहिलं.)

यात त्याचा काही दोष नव्हता. गड्डा कधी धरायचा हे कांदा मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. आपल्याकडच्या जाती ११-१२ तासांच्या दिवसात पोसतात, युरोपातल्या बहुतेक जातींना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. बर्लिनमध्ये जूनात दिवस जवळपास १७ तासांचा असतो, तिथे त्यांचं भागतं. परभणी साधारण १९ अंश अक्षांशावर, त्यामुळे आपला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणजे त्या बीची इफ कंडिशन कधी ट्रू होतच नाही. लूप फिरत राहतो, पात वाढत राहते.

तेव्हा बी आपलंच घ्या. उन्हाळी कांद्याला एन-२-४-१ ही जुनी खात्रीची जात आहे, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा किरण, भीमा शक्ती आहेत. खरिपाला बसवंत ७८० किंवा भीमा सुपर. आमच्या परभणीत तर १९७२ पासून अख्खं कृषी विद्यापीठ उभं आहे. ज्या 'परभणी क्रांती' भेंडीनं पार कुठल्या कुठे गावाचं नाव नेलं ती इथलीच. तरी आम्ही बी मागवणार कुरिअरनं. कृषी सेवा केंद्रात चप्पल घालून चालत गेलं तरी मिळतं. पाकिटावरची तारीख मात्र वाचा, कारण कांद्याचं बी म्हणजे एका वर्षाचं लायसन्स. साध्या डब्यात वर्षभर राहिलं की उगवण धपकन पडते. आणि वाण्याकडची कलौंजी आणू नका. तिलाही कांद्याचं बी म्हणतात, पण तिचा आणि कांद्याचा काही संबंध नाही, ते झाडच वेगळं.

दुसरा एक प्रकार म्हणजे तो ग्लासातला कांदा. बुडखा कापून पाण्यात ठेवा, आठ दिवसात कोंब, व्हिडिओला लाखभर लाईक. अहो, त्याला पात येते, आमटीवर घालायला चांगली लागते, पण त्यातून खायचा नवा गड्डा तयार होत नाही. कांदा दोन वर्षांचं पीक आहे. पहिल्या वर्षी बीपासून गड्डा, दुसऱ्या वर्षी गड्ड्यापासून फुलाचा दांडा आणि बी. गड्डा लावला की तो पुढच्याच कामाला लागतो, मागे येत नाही. कांदा हवा असेल तर बीपासूनच सुरुवात, शॉर्टकट नाही.

आता प्रत्यक्ष लागवड. उन्हाळी कांद्याचं बी दिवाळीच्या आगेमागे टाकायचं. आमच्या परसात काळी जमीन, पावसात चिखल आणि उन्हात भेगा, म्हणून रोपासाठी वीतभर उंच गादीवाफा लागतोच. पाणी साचलं की रोप मान टाकतं. चार बोटांच्या अंतरानं ओळी आखून बी पातळ टाकायचं, वर चाळलेलं शेणखत, झारीनं पाणी. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया असतात याचा लोकांना अंदाज नसतो. मी दहा ग्रॅमची पुडी आणली तेव्हा आई म्हणाली, "अरे, एवढ्यात अख्ख्या गल्लीची रोपं होतील, वाटत हिंडतूस का?" खरंच वाटली.

आठ-दहा दिवसात उगवतं, आणि काय सुंदर उगवतं! आधी सुईसारखं टोक नाही येत, वाकलेली हिरवी कमान येते, डोकं अजून मातीतच. मग हळूच एक टोक उपसून सरळ होतं, त्याच्या शेंड्याला काळ्या बियांचं टरफल तसंच चिकटलेलं. हे बघायला मी सकाळी सातला परसात उकिडवा बसलेलो असायचो. आईचं त्यावर "कांदे लावायलास का पूजा करायलास?"

दीड-पावणेदोन महिन्यांनी रोप उपटून दुसरीकडे लावायचं. दोन ओळींत वीतभरापेक्षा थोडं कमी, दोन रोपांत चार-पाच बोटं. खोल गाडायचं नाही. कांद्याची मुळं उथळ आणि पात बारीक, त्यामुळे ना तो खालचं पाणी ओढतो ना तणावर सावली धरतो. तण आपणच काढायचं. ढगाळ हवा आली की फुलकिडे आणि करपा बघायचा. बाल्कनीवाल्यांनो, सहा तास थेट ऊन नसेल तर नाद सोडा, मेथी लावा. मार्च-एप्रिलात निम्म्या माना पडल्या की समजायचं पोसला, त्याच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडलेलं बरं. काढल्यावर चार दिवस पातीसकट सुकवायचा. घाईनं पात कापली तर टिकत नाही.

आता हिशोब, कारण तो केल्याशिवाय आमच्या धंद्यातल्या माणसाला झोप येत नाही. बाजेएवढा वाफा, म्हणजे सहा बाय चार फूट. त्यात साधारण दीडशे रोपं. हेक्टरी २५ टन हे चांगलं उत्पन्न धरलं तर एवढ्या जागेत साडेपाच किलो. आमच्या चौघांच्या घरात हा एका महिन्याचा कांदा. म्हणजे साडेपाच महिने राबून एक महिन्याचा कांदा! पैसे वाचवायला हे करणार असाल तर करू नका. तेवढ्या पैशात मॉलमध्ये दोन कॉफ्याही येत नाहीत.

पण हाच आकडा डोक्यात ठेवून बातम्या बघा. ८ डिसेंबर २०२३ ला सरकारनं एका आदेशानं कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठली, तीसुद्धा ४० टक्के शुल्क लावूनच. मोजा किती झाले? जवळपास पाच महिने. ज्यानं दिवाळीला बी टाकलं होतं, त्याचं रोप बंदीच्या दिवशी अजून गादीवाफ्यावरच होतं आणि कांदा बंदी असतानाच निघाला. बी टाकताना नियम एक, काढताना दुसरा. आपल्या प्रोजेक्टमध्ये रिक्वायरमेंट मधेच बदलली तर आपण कॅन्टीनमध्ये केवढा तमाशा करतो! इथे मधेच बदलली आणि चेंज रिक्वेस्टचे पैसे कुणी दिले नाहीत.

माझं मत असं की शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा यात गैर काही नाही, पण तो शेतकऱ्याच्या खिशातून स्वस्त करू नये. गरिबाला मदत करायची तर सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून करावी. आणि आपण, महिन्याला पाच किलोवाले, भाव ऐंशीवर गेला म्हणून टीव्हीच्या माईकसमोर डोळे पुसतो तेव्हा आपलं महिन्याचं बजेट दोन-तीनशे रुपयांनी वाढलेलं असतं. तेवढा आमचा मोबाईल रिचार्ज असतो, त्यावर कुणी मोर्चा काढत नाही.

असो. आमच्या वाफ्यातले सहा चांगले, एकाच रंगाचे, बारीक मानेचे गड्डे मी बाजूला ठेवलेत. ऑक्टोबरात पुन्हा लावून त्यांचं बी धरायचा विचार आहे. मधमाश्या परागकण कुठून आणतील सांगता येत नाही, म्हणून बियाणेवाले दोन जातींत अर्धा ते एक किलोमीटर अंतर ठेवतात. गल्लीत आमच्याच पुडीची रोपं गेलीत, त्यामुळे आसपास दुसरी जात असायची शक्यता कमी. फक्त पलीकडच्या काकूंनी या वर्षी पांढरा कांदा लावायचं काढलंय. त्यांना बोलून बघतो.