जेत्यानें खालीं ठेविलेली तलवार

इतिहासकारांची लेखणी बहुधा मोठ्या राज्यांभोंवतींच फिरते. नकाशावर ज्यांचें नांव लिहावयास पुरेशी जागा नसते, अशा देशांची वार्ता आपल्या कानीं क्वचितच येते. परंतु लहान घरांतही कधीं कधीं असा प्रसंग घडतो कीं, मोठ्या वाड्यांतील मंडळींनीं तो घटकाभर बसून ऐकावा. मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका या देशाची इ. स. १९४८ सालची हकीकत अशीच आहे. ती आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें.

या देशाच्या उत्तरेस निकाराग्वा, आग्नेयेस पनामा, एका अंगास प्रशांत महासागर व दुसऱ्या अंगास कॅरिबियन समुद्र आहे. क्षेत्रफळ सुमारें ५१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढें. त्या काळीं तेथील वस्ती आठ लाखांच्या आसपास होती, आणि कॉफी व केळीं हीं मुख्य पिकें होतीं.

त्या वर्षाचा आरंभ मात्र शुभ नव्हता. फेब्रुवारी महिन्यांत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ओटिलिओ उलाटे यांस अधिक मतें पडल्याचें जाहीर झालें. पण प्रतिपक्षाचें प्राबल्य असलेल्या विधिमंडळानें १ मार्च रोजीं ती निवडणूकच रद्द ठरविली. लोकांचा कौल असा पायांखालीं तुडविला गेल्यावर होसे फिगेरेस नांवाच्या एका शेतमालकानें बंडाचें निशाण उभारलें. सुमारें सहा आठवडे भाऊ भावावर बंदूक रोखून उभा राहिला, आणि अंदाजें दोन हजार माणसें प्राणांस मुकलीं. एप्रिलअखेर फिगेरेस विजयी झाले व मे महिन्यांत राज्यकारभार त्यांच्या मंडळाच्या हातीं आला.

येथवरची कथा जगाच्या इतिहासांत शेंकडों वेळां घडलेली आहे. बंदुकीच्या बळावर सत्ता मिळविणारा पुढें बंदुकीच्याच बळावर ती टिकवितो, हा नेहमींचा क्रम. पण १ डिसेंबर १९४८ रोजीं राजधानी सान होसे येथें निराळेंच घडलें. फिगेरेस बेलाव्हिस्ता नांवाच्या लष्करी गढीपाशीं आले, हातांत मोठा हातोडा घेतला आणि गढीच्या भिंतीवर घाव घातला. देशाचें कायमचें सैन्य मोडण्यांत येत आहे, अशी घोषणा त्यांनीं केली. ती गढी राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयास देण्यांत आली. जेथें शिपायांचा पहारा असे, तेथें आज शाळेंतील मुलें देशाचा इतिहास पाहावयास जातात.

कोणी म्हणेल, यांत औदार्य कसलें? मूळचें सैन्य लहानच होतें, आणि उद्यां तेंच आपल्यावर उलटेल ही धास्तीही जेत्यास असेल. हा आक्षेप आम्ही सर्वस्वी खोटा म्हणत नाहीं. शिवाय त्याच वर्षीं कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालण्यांत आली, आणि त्याच डिसेंबरांत पराभूत पक्षाच्या सहा कैद्यांस आगगाडीनें नेत असतां वाटेंत गोळ्या घालण्यांत आल्या. तो डाग झांकून ठेवणें म्हणजे मुलांस अर्धाच इतिहास शिकविणें होय.

परंतु माणसाच्या हेतूची परीक्षा त्याच्या पुढील कृतीनें होते. घोषणेस दहा दिवस होतात न होतात तोंच पराभूत पक्षाचे लोक निकाराग्वाच्या बाजूनें शस्त्रें घेऊन देशांत शिरले. सैन्य पुनः उभारण्यास याहून चांगलें निमित्त कोणतें? पण कोस्टा रिकानें अमेरिका खंडांतील राष्ट्रांच्या संघटनेकडे दाद मागितली. संघटनेनें चौकशी केली आणि फेब्रुवारी १९४९ मध्यें उभय देशांत सलोख्याचा करार झाला. इकडे घटनासमितीच्या निवडणुकींत ४५ जागांपैकीं फिगेरेस यांच्या पक्षास केवळ ४ मिळाल्या. तोही निकाल त्यांनीं मानला. प्रतिपक्षानें १९४३ सालीं केलेले कामगारांच्या हिताचे कायदेही त्यांनीं मोडले नाहींत. नव्या राज्यघटनेच्या १२ व्या कलमानें कायमच्या सैन्यास मनाई केली, स्त्रियांस मताधिकार मिळाला, आणि ८ नोव्हेंबर १९४९ रोजीं ज्यांची निवडणूक बुडविली गेली होती त्या उलाटे यांच्या स्वाधीन फिगेरेस यांनीं राज्य केलें. पुढें शेजारच्या देशांत दीर्घकाळ यादवी माजली. या देशांत मात्र त्यानंतर शस्त्रबळानें कोणीही सत्ता बळकावलेली नाहीं.

प्रत्येक राष्ट्रानें आपलें सैन्य मोडावें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याची त्याची सरहद्द निराळी व संकटेंही निराळीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, राष्ट्राची खरी कसोटी युद्धांत लागत नाहीं. ती विजयाच्या दुसऱ्या दिवशीं लागते. हरलेला मनुष्य नमतो, कारण त्यास दुसरा मार्ग नसतो. जिंकलेला नमतो तो आपखुषीनें, म्हणून त्याचें मोल अधिक.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या क्रीडांगणावर व वर्गनायकाच्या निवडणुकींतही दरवर्षीं कोणी जिंकतो, कोणी हरतो. हरणाऱ्यानें खिलाडू वृत्ति ठेवावी, हा उपदेश तुम्हीं पुष्कळदां ऐकला असेल. जिंकणाऱ्यास मात्र आम्ही वडील मंडळी टाळ्या वाजवून मोकळे होतों. त्यानेंही कांहीं सोडावयाचें असतें, हें सांगावयाचें विसरतों. पालकांनीं यंदा बक्षिससमारंभाहून घरीं परततांना, मुलाच्या हातांत ढाल असेल तर, या चिमुकल्या देशाची गोष्ट त्यास वाटेंत अवश्य सांगावी.