लेखकांनो, मंचावरून स्टॉलवर या!

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की नागपुरात पुस्तक प्रकाशनांची लगबग सुरू होते. निमंत्रणपत्रिका छापल्या जातात, सभागृह ठरते, बॅनर लागतात, शाल-पुष्पगुच्छांची यादी तयार होते. मंचावर कोण बसणार आणि कोणाचे नाव पत्रिकेत वर येणार, यावरून रुसवेफुगवेही होतात. या साऱ्या धावपळीत एका माणसाचा विचार मात्र राहून जातो. तो माणूस म्हणजे वाचक.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दीक्षाभूमीवर येणारा माणूस घरी परतताना पुस्तक घेऊन जातो. मराठवाड्यातून, खानदेशातून, छत्तीसगड-तेलंगणातून तो येतो. अजनी स्टेशनवर उतरून पायी चालतो, भाकरी शिदोरीत बांधून आणतो, पण पुस्तकासाठीचे पैसे वेगळे ठेवतो. प्रस्थापित साहित्यविश्व वाचक हरवल्याची ओरड करते, तेव्हा आपल्याकडे वाचक स्टॉलसमोर रांग लावून उभा असतो. ग्रंथांसाठी राजगृह बांधणाऱ्या महामानवाचा हा वारसा आहे. प्रश्न इतकाच की, त्या रांगेपलीकडे आपला लेखक कुठे असतो?

तो बहुधा सभागृहात असतो. तिथे सहा वाजताचा कार्यक्रम पाहुण्यांची वाट पाहत आठ वाजता सुरू होतो. तासभर सत्कार चालतात. भाष्यकाराने पुस्तक त्याच सकाळी हाती घेतलेले असते, त्यामुळे तो पुस्तक सोडून इतर सगळ्यांवर बोलतो. लेखकाच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटे येतात, तोवर शेवटची बस गाठण्यासाठी अर्धे सभागृह रिकामे झालेले असते. मंचावरच्या मान्यवरांना पुस्तके फुकट मिळतात आणि विकत घेणारा दारात विचारत राहतो, पुस्तक कुठे मिळेल? गठ्ठा कोपऱ्यात तसाच बांधलेला. दोरी सोडायला माणूस नेमलेला नसतो.

आपले बहुसंख्य लेखक पदरमोड करून पुस्तक काढतात. कोणी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतो, कोणी पतसंस्थेचे कर्ज उचलतो. मोठ्या प्रकाशनसंस्थांची दारे सहज उघडत नाहीत म्हणून हा मार्ग धरावा लागतो. समारंभावर हजारो रुपये खर्च होतात आणि पुस्तके पलंगाखाली पडून राहतात. यात नुकसान एका कुटुंबाचे आहेच, पण त्याहून मोठे नुकसान चळवळीचे आहे. जे पुस्तक वस्तीत पोहोचले नाही, त्यातला विचारही तिथे पोहोचत नाही.

काही मंडळी म्हणतील, लेखकाने स्टॉलवर बसून सह्या देणे म्हणजे मिरवणे झाले. आमचे मत वेगळे आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, ज्याच्या आजोबा-पणजोबांचा अंगठा सावकाराच्या न वाचता आलेल्या कागदावर उमटत राहिला, त्या समाजात सहीला वेगळे मोल आहे. अंगठा उठवणाऱ्या आजीची नात जेव्हा पुस्तक पुढे करून आपले नाव लिहायला सांगते, तेव्हा त्या पानावर एका क्रांतीची नोंद होते. लेखक तिथे तिला शब्द देत असतो की, मी लिहिले त्याला मी जबाबदार आहे. म्हणून ही सही घाईने उरकण्याची बाब नाही.

त्यासाठी तयारी लागते, पण ती खर्चिक नाही. भाष्यकाराला पुस्तक महिनाभर आधी द्यावे आणि त्याने ते वाचले का, हे विचारण्याचा संकोच करू नये. मंचावर चारपेक्षा जास्त खुर्च्या नकोत, त्यातली एक तरी विचारवंत भगिनीची असावी. ठरल्या वेळी कार्यक्रम सुरू करावा, मंत्र्यासाठी जनतेला ताटकळत ठेवू नये. लेखकाने दहा मिनिटांत वाचून होईल असा उतारा निवडून घरी मोठ्याने वाचून पाहावा. विक्रीचे टेबल दाराशीच असावे. सुटे पैसे, पावतीपुस्तक, दोन-तीन पेन आणि परतीच्या पावसासाठी प्लास्टिकचा कागद जवळ ठेवावा. सही करताना वाचकाचे नाव विचारून लिहावे, गाव विचारावे. ज्याला वाचता येत नाही, त्याला पुस्तकात काय आहे ते दोन वाक्यांत सांगावे. तो ते आपल्या लेकरासाठी नेत असतो. आणि प्रत्येक प्रकाशनाच्या वेळी काही प्रती गावोगावच्या बुद्धविहारांच्या वाचनालयांसाठी बाजूला काढाव्यात.

वाचकांनीही एक पथ्य पाळावे. ओळखीच्या लेखकाकडे पुस्तक फुकट मागू नये. चहापाण्यावर आपण खर्च करतो, मग आपल्याच लेखकाच्या पुस्तकाची किंमत देताना हात आखडू नये. शासनालाही त्याच्या कर्तव्याची आठवण द्यावी लागेल. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये निघाला. या ग्रंथमालेची छपाई रखडल्याची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. मागणी असताना ग्रंथ न मिळणे हा वाचकांवरचा अन्यायच आहे. परंतु शासनाला जाब विचारताना आपल्या स्टॉलवरची खुर्ची रिकामी असून चालणार नाही.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांना तो छापून आलेला पाहता आला नाही. त्या ग्रंथावर त्यांची सही घेण्याचे भाग्य कोणाही वाचकाला लाभले नाही, तरीही तो घराघरांत गेला, कारण सामान्य माणसांनी तो डोक्यावर वाहून नेला. आजच्या लेखकाला आपल्या वाचकासमोर जिवंतपणी बसण्याची संधी आहे. ती शालीच्या घडीत गुंडाळून ठेवू नका. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी सभागृहातला हार लवकर उतरवा, पेन घ्या आणि दीक्षाभूमीच्या रस्त्यावर, आपल्या माणसांत येऊन बसा.