मायनिंगचा प्लॅन विकणाऱ्याला आधी त्याचं वीजबिल मागा

बिटकॉइनचा भाव वर गेला की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत दोन गोष्टी उगवतात. एक, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. दुसरं, हॉटेलच्या हॉलमधलं 'सेमिनार'. चहा-समोसा फुकट, स्टेजवर कोट घातलेला माणूस, पडद्यावर गाडीचे आणि दुबईचे फोटो, आणि पहिल्या रांगेत आपल्याच गावातला एखादा ओळखीचा चेहरा. निवृत्त मास्तर, पतसंस्थेचा माजी संचालक, विमा एजंट. कारण अनोळखी माणसाला कोणी पैसे देत नाही. ओळखीच्याला देतात.

सध्या या सेमिनारांत 'मायनिंग' हा शब्द जोरात आहे. "आमच्या मशिनी परदेशात चालतात, तुम्ही फक्त हिस्सा घ्या, दरमहा ठरलेला परतावा." ज्यांच्या जमिनी महामार्गात गेल्या आणि खात्यात मोबदला आला, त्यांना हे फोन जास्त येतात. हा योगायोग नाही. कुणाच्या खात्यात पैसे आलेत ही बातमी गावात लपत नाही.

मी अर्थतज्ज्ञ नाही. तालुक्याचा पत्रकार आहे, दहावी पास माणसाला समजेल असं लिहिणं हे माझं काम. बिटकॉइन घ्या की घेऊ नका हे मी सांगणार नाही. पण त्यात उतरायचंच असेल तर आधी हे वाचा. आणि या धंद्यावर जे गप्प बसलेत, त्यांच्याबद्दलही थोडं बोलायचंय.

*मायनिंग म्हणजे नक्की काय?*

जमिनीतून काही काढत नाहीत. बिटकॉइनचे व्यवहार एका सार्वजनिक वहीत लिहिले जातात. साधारण दर १० मिनिटांनी त्या वहीचं एक नवं पान, म्हणजे ब्लॉक, जोडलं जातं. ते पान जोडण्याचा मान मिळावा म्हणून जगभरातली मशिनं एक आकडा शोधत असतात. बुद्धीचं काम नाही, निव्वळ अंदाज मारत राहायचं, सेकंदाला अब्जावधी वेळा. ज्याला आकडा सापडला त्याला बक्षीस. एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन आहे, त्याआधी ६.२५ होतं. दर २,१०,००० ब्लॉकला, म्हणजे साधारण चार वर्षांनी, ते निम्मं होतं.

आता खरी मेख ऐका. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, हे कोडं किती अवघड ठेवायचं ते आपोआप बदलतं. जगात मशिनं वाढली की कोडं अवघड होतं आणि त्याच मशिनीला कमी मिळतं. बिटकॉइनचा भाव रोज बदलतो, अवघडपणा पंधरवड्याला बदलतो, बक्षीस चार वर्षांनी निम्मं होतं. अशा धंद्यात 'दरमहा ठरलेला परतावा' कोण देऊ शकतो? कोणीच नाही. पावसावर शेती करणारा माणूस दर महिन्याला ठरलेलं उत्पन्न देतो म्हणाला तर आपण हसू. इथे मात्र पासबुक काढतो.

*हिशेब करूनच बघू*

चालू पिढीतलं एक चांगलं मायनिंग मशीन धरा. त्याची ताकद सेकंदाला २०० टेराहॅश, वीज साडेतीन किलोवॅट. अख्ख्या जगाची ताकद १,००० एक्झाहॅश धरू. २०२५ मध्ये ती या आकड्याला पोचली. म्हणजे तुमचं मशीन जगाच्या पन्नास लाखांतला एक भाग. दिवसाला सगळ्या जगात मिळून साधारण ४५० नवे बिटकॉइन निघतात. त्यातला तुमचा वाटा ०.००००९ बिटकॉइन. उदाहरणापुरता भाव ९० लाख रुपये धरला तर दिवसाला ८१० रुपये.

आता वीज. साडेतीन किलोवॅट गुणिले २४ तास, म्हणजे रोज ८४ युनिट. महिन्याला अडीच हजार युनिट. युनिटला १० रुपये धरले तर रोजचे ८४० रुपये. कमाई ८१०, वीज ८४०. मशीनची किंमत, थंड ठेवायचा खर्च, आपल्याकडचा मे महिना, वारंवार जाणारी लाईट, यातलं काहीच अजून धरलेलं नाही. तुमचा दर १० च्या वर आहे की खाली, ते बिल काढून बघा. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क सगळं मिळवून बघा. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, तेही लक्षात असू द्या.

भाव वाढला तर? वाढला तर नवी मशिनं येतात, अवघडपणा वाढतो, तुमचा वाटा पुन्हा घटतो. मायनिंग चालतं ते जिथे वीज फार स्वस्त आहे तिथे, हजारो मशिनं एका शेडमध्ये लावून.

आणि पूलमध्ये न जाता एकट्याने नशीब आजमावतो म्हणाल, तर वरच्या आकड्यांनुसार या मशीनला एक ब्लॉक सापडायला सरासरी ९५ वर्षं लागतील. लॅपटॉपवर मायनिंगचे दिवस केव्हाच संपले. मोबाईलवर तर विषयच सोडा. मोबाईलमध्येच मायनिंग करणाऱ्या अ‍ॅपना गुगलने २०१८ मध्येच प्ले स्टोअरवर बंदी घातली. आज 'मायनिंग' म्हणून बटण दाबायला लावणारं अ‍ॅप तुमच्याकडून जाहिराती, माहिती नाहीतर पैसे काढतंय. खाणीत तुम्हीच आहात.

*हे सगळं महाराष्ट्राने एकदा भोगलंय*

गेनबिटकॉइन आठवतं का? अमित भारद्वाजची योजना. बिटकॉइन द्या, आम्ही 'क्लाऊड मायनिंग' करू, १८ महिने दरमहा १० टक्के देऊ, हे आश्वासन. माणसं आणली की वर कमिशन. पुढे बिटकॉइनऐवजी लोकांच्या हातात कंपनीचं स्वतःचं एमकॅप नावाचं नाणं टेकवलं गेलं. पुण्यात गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये भारद्वाजला अटक झाली, जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. ईडीच्या म्हणण्यानुसार गोळा झालेली रक्कम ६,६०० कोटींच्या घरात आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली, जप्तीतली क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून. देशभरातले गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे दिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठ ठिकाणी छापे घातले. अटकेपासून छाप्यांपर्यंत सात वर्षं.

या काळात भारतात कुठल्या मशिनी किती चालल्या याचा हिशेब एकाही सेमिनारमध्ये कोणी मागितला नाही. एक साधा प्रश्न पुरेसा होता. १८ महिन्यांत १८० टक्के देणारं मशीन तुझ्याकडे आहे, तर बाबा, तू बँकेकडून १२ टक्क्यांनी कर्ज काढून स्वतः का नाही चालवत? माझ्या मोबदल्यावर तुझा डोळा कशाला?

मागे अशाच एका सेमिनारला मी गेलो होतो, हाच प्रश्न विचारला. उत्तर आलं, "सर, आम्हाला समाजाला सोबत घेऊन जायचंय." टाळ्या पडल्या.

*घ्यायचंच असेल तर एवढं तरी करा*

१. पहिल्यांदा पाठवताना आधी अगदी छोटी रक्कम पाठवा. ती पोचली याची खात्री झाल्यावर बाकीची. बिटकॉइनचा व्यवहार एकदा पानावर चढला की परत फिरत नाही. ना बँक मॅनेजर, ना कस्टमर केअर.

२. पत्ता हाताने टाईप करू नका. कॉपी करून पेस्ट केल्यावर सुरुवातीची आणि शेवटची पाच-सहा अक्षरं ताडून बघा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत.

३. पाठवण्याचं शुल्क रकमेवर नसतं, व्यवहार वहीत किती जागा खातो त्यावर आणि त्या वेळच्या गर्दीवर असतं. पाचशे रुपये पाठवायला आणि पाच लाख पाठवायला तेवढंच लागू शकतं. घाई नसेल तर गर्दी ओसरू द्या. व्यवहार अडकला म्हणून 'सोडवून देतो' म्हणणारा भेटला तर तो चोर समजा. मोठ्या रकमेला सहा ब्लॉक होईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, पैसे मिळाले असं धरू नका.

४. वॉलेट उघडताना १२ किंवा २४ शब्द मिळतात. ते शब्द म्हणजेच पैसे. कागदावर लिहा, दोन ठिकाणी ठेवा. फोटो नको, ईमेल नको, भाच्याला व्हॉट्सअ‍ॅप नको. हे शब्द विचारणारा 'कंपनीचा माणूस' नसतो, कधीच नसतो.

५. अनोळखी माणसाकडून थेट खात्यावर पैसे घेऊन क्रिप्टो विकू नका. तो पैसा सायबर फसवणुकीतला निघाला तर गोठतं ते तुमचं खातं. मग दूर राज्यातल्या पोलीस ठाण्याला पत्रं लिहीत बसा.

६. अख्खा बिटकॉइन घ्यावा लागत नाही. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. शंभर रुपयांचाही घेता येतो. "किमान दोन लाखांचं पॅकेज" हे बिटकॉइनचं नव्हे, विकणाऱ्याचं असतं.

७. फसलात तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसा बँकेत अडवता येतो, नंतर अवघड.

*आता सरकारबद्दल*

एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका नाण्यात ५० हजार मिळाले आणि दुसऱ्यात ५० हजार गेले, तर तुमच्या हातात शून्य. पण कर भरायचा १५ हजार, कारण तोटा वजा करता येत नाही. मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही, हेही सरकारने संसदेत सांगितलंय. सट्टा आवरायला कर हवा, हे मला मान्य आहे.

पण कर घेतला म्हणजे मान्यता दिली असं नाही, हेही तेव्हा संसदेतच सांगितलं गेलं. म्हणजे काय? वसुलीला तुम्ही पुढे आणि संरक्षणाला कोणीच नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. शेअरबाजारावर सेबी आहे. इथे? जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. त्यात बिटकॉइन गेलं नव्हतं, पण क्रिप्टो काढणं सगळ्यांचंच बंद झालं, वर्षाहून जास्त काळ. कर भरलेल्या या लोकांनी दाद कुठे मागायची होती? एक्स्चेंजना २०२३ पासून मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, पण तो कायदा काळा पैसा शोधायला आहे, तुमचे पैसे परत द्यायला नाही.

आणि दिल्लीकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. महाराष्ट्राकडे १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा आहे. 'ठरलेला परतावा' असं छापलेलं पत्रक हातात असताना पोलीस ठाण्यात उत्तर काय मिळतं? "पैसे बुडालेत का? मग या." बुडाल्यावर येऊन काय उपयोग, हे सात वर्षं वाट बघणाऱ्यांना विचारा.

फीत कापायला जाणारे पुढारी, हॉल देणारे हॉटेलवाले आणि, हो, अर्ध्या पानाची जाहिरात छापून दुसऱ्या दिवशी त्याचीच 'बातमी' करणारे आमचेच भाऊबंद, सगळे या साखळीत आहेत. जाहिरातीचे पैसे आधी मिळतात, बातमी नंतर मिळते. दोन्हीकडून धंदा.

म्हणून पुढच्या वेळी हॉलमध्ये बसलात तर तीन कागद मागा. मशिनी जिथे चालतात तिथलं गेल्या तीन महिन्यांचं वीजबिल. मायनिंग पूलमधून पैसे जमा झाले तो बिटकॉइनचा पत्ता, कारण वही सार्वजनिक आहे, कोणीही तपासू शकतो. आणि ठेवी गोळा करायची परवानगी. तिन्ही नसतील तर चहा प्या, समोसा खा आणि उठून या. जाताना शेजारच्यालाही उठवा. आणि तिथलं पत्रक मला पाठवा. नाव छापायची जबाबदारी माझी.